वेग दुकानात, भरवसा घरात

इंदूरहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘मुलाचा लॅपटॉप २०१७ सालचा. बटण दाबून मी चहाचं आधण ठेवते. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. दुकानदार म्हणतो, नवा लॅपटॉप घेऊ नका, यात एसएसडी बसवा, पळायला लागेल. पण त्याने तीन डब्या पुढे ठेवल्या आणि तीन किमती सांगितल्या. त्यातली वेगवान कोणती, टिकाऊ कोणती, मला काही उमगेना. या लॅपटॉपमध्ये मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो आहेत, म्हणून जिवाला घोर लागतो.’

वाचकहो, या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. बाईंनी विचारलं वेगाबद्दल, पण त्यांची काळजी आहे फोटोंची. आणि खरं सांगायचं तर दुकानातल्या त्या तीन डब्यांपैकी एकीतही या काळजीवरचं पूर्ण औषध नाही. कसं ते पाहू.

चक्र का फिरतं?

जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती ठेवायला हार्ड डिस्क असते. तिच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक काटा सरकत माहिती वाचतो. आपल्या जुन्या ग्रामोफोनची बहीणच म्हणा. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला हा वेग मोठा वाटतो. पण हवी ती जागा काट्याखाली येईपर्यंत वाट पाहावीच लागते. लॅपटॉप सुरू होताना त्याला हजारो बारीकसारीक फायली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. काटा इकडून तिकडे धावत राहतो आणि अशा सेकंदाला शंभरेक खेपा झाल्या की त्याचा दम संपतो. आपला चहा तेवढ्यात निवून जातो.

एसएसडीत तबकडी नाही, काटा नाही, फिरणारं काहीच नाही. असतात त्या फक्त चिप. फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये असतात त्याच जातीच्या. कुठलीही फाइल कुठल्याही कप्प्यातून जवळजवळ तत्काळ मिळते. अशा हजारो खेपा ती सेकंदात सहज करते. म्हणून जुन्या यंत्रात एसएसडी बसवली की ते नवं झाल्यासारखं वाटतं. तो दुकानदार त्या बाबतीत खरंच बोलला.

या चिपमागची नँड फ्लॅश नावाची मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८७ साली जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिघा तंत्रज्ञांनी मिळून एक कंपनी काढली. तीच पुढे सँडिस्क नावाने घरोघरी पोचली. या तिघांतले एक आपले कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा. २०१७ साली मायक्रॉन या मोठ्या चिप कंपनीची सूत्रंही त्यांच्याकडे आली. त्यांच्या त्या पहिल्या कंपनीने १९९१ साली एक एसएसडी आयबीएमला विकली. तिची क्षमता होती २० एमबी आणि किंमत साधारण १००० डॉलर. आज २० एमबीत फोनवर काढलेले चार-पाच फोटोसुद्धा दाटीवाटीने बसतील!

आधी माप, मग भाव

ब्लाउजपीस घेताना आपण आधी माप सांगतो, मग रंग पाहतो. इथेही तसंच करायचं. कुठली एसएसडी चांगली, हे विचारण्याआधी आपल्या लॅपटॉपमध्ये कुठली बसते, ते विचारा. घरगुती यंत्रांसाठी मुख्य प्रकार तीन.

पहिला, अडीच इंची साटा. आकाराने पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी रुंद, पण चपटी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ही सरळ बसते. २०१७ च्या आसपासच्या बहुतेक साध्या लॅपटॉपना हीच लागते.

दुसरा, एम डॉट टू आकाराची, पण आतून साटाच. ही च्युइंगमच्या पट्टीएवढी असते. तिचं नेहमीचं माप २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब.

तिसरा, त्याच पट्टीच्या आकाराची एनव्हीएमई. दिसायला दुसऱ्या प्रकारासारखी, पण बोलते वेगळ्या भाषेत. गोंधळ इथेच होतो. पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेलच, असं नाही. काही लॅपटॉपची खाच फक्त साटा ओळखते, काहींची फक्त एनव्हीएमई, तर काही दोन्ही ओळखतात.

म्हणून लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकात कुठली खाच दिली आहे, ते बघा किंवा मुलांना बघायला सांगा. आणखी एक गोष्ट तपासून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डवरच जडवलेली असते, बदलता येत नाही. तिथे खर्च करण्याचा प्रश्नच उरत नाही.

किती वेग पुरे?

डब्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते. एनव्हीएमईची तिसरी पिढी ३५०० पर्यंत जाते, चौथी ७००० च्या घरात आणि पाचवी १४००० च्या आसपास. आकडे पाहून कुणालाही वाटेल, पाचवीच घ्यावी. थोडं थांबा.

हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली, तर फरक घरातल्या आजीलाही कळेल. मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. पण साटाच्या जागी एनव्हीएमई आली, तर पत्रं लिहिणं, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, फोटो पाहणं यांत फरक जेमतेम जाणवतो. तिसऱ्या आणि पाचव्या पिढीतला तर घड्याळ लावून बसलं तरच कळेल. छापलेला आकडा असतो एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा. आपली रोजची कामं असतात बारीक फायलींची. ज्यांच्या घरी रोज मोठमोठ्या चित्रफिती जोडण्या-कापण्याचं काम चालतं, त्यांनी जादा पैसे जरूर मोजावेत. इतरांनी ते पैसे जास्त क्षमतेसाठी किंवा दुसऱ्या प्रतीसाठी राखावेत. शिवाय जुन्या खाचेत नव्या पिढीची पट्टी बसली, तरी ती जुन्याच वेगाने चालते. अरुंद गल्लीत मोटार कितीही भारी आणली तरी ती गल्लीच्या बेतानेच जायची.

क्षमतेचं म्हणाल, तर आज ५०० जीबी ही कामापुरती आणि १ टीबी ही ऐसपैस. घरी आणल्यावर ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१. दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. मात्र एसएसडी काठोकाठ भरू नका, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असू द्या. बाजारातून आणलेली भाजी आपण आधी ओट्यावर पसरतो आणि सवडीने निवडून डब्यांत भरतो. एसएसडीचंही असंच असतं. मोकळ्या जागेचा ती ओट्यासारखा उपयोग करते. ओटाच भरलेला असेल तर काम मंदावणारच.

टिकाऊपणाचा हिशेब

एसएसडीच्या कप्प्यात लिहून-पुसून तो हळूहळू झिजतो, हे खरं आहे. म्हणून कंपन्या टीबीडब्ल्यू नावाचा एक आकडा देतात. एकूण किती टीबी लिहीपर्यंत हमी लागू राहील, हे त्यावरून कळतं. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला हा आकडा साधारण ६०० असतो. आता घरचा हिशेब मांडू. आपण रोज २० जीबी लिहितो असं धरलं, आणि सामान्य घरात ते जास्तच झालं, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. म्हणजे ६०० टीबी संपायला ८२ वर्षं लागतील! तेव्हा झिजण्याची धास्ती घेऊन झोप उडवू नका.

चिपमध्येही दोन जाती दिसतील. टीएलसी एका कप्प्यात तीन आकडे साठवते, क्यूएलसी चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण लवकर झिजते आणि मोठी फाइल लिहिताना दमते. लॅपटॉपच्या मुख्य जागेसाठी टीएलसी मिळाली तर उत्तम. फोटोंच्या साठवणीला क्यूएलसीही चालते.

कंपनी कोणती घ्यावी? या चिप मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, किऑक्सिया, सँडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. बाकीच्या त्यांच्याकडून चिप घेऊन एसएसडी तयार करतात आणि त्यांतही जुन्या, भरवशाच्या कंपन्या आहेत. नाव कुठलंही असो, तीन गोष्टी पाहा. हमी पाच वर्षांची आहे का, निदान तीन तरी. भारतात तिची सेवा मिळते का. आणि पक्की पावती मिळते का. मायक्रॉनने आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा शिक्का बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. आधी विकलेल्या मालाची हमी आपण पाळू, असंही सांगितलं. असं काही झालं की पावतीचा तो एवढासा कागदच आपल्या कामी येतो.

पण टिकाऊपणाची खरी गोष्ट या आकड्यांपलीकडे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक तातडीची सूचना दिली. मोठ्या संगणकांत वापरल्या जाणाऱ्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडत होत्या. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी. त्या झिजल्या नव्हत्या. त्यांना चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामला त्यापुढे तास मोजता येत नव्हते. बंद पडलेली एसएसडी आणि तिच्यातली माहिती परत मिळणार नाही, असंही कंपनीने कळवलं आणि दुरुस्त प्रोग्राम दिला. ज्यांनी एकाच दिवशी अशा दोन सुरू केल्या आणि एकीवर दुसरीची नक्कल ठेवली, त्यांच्या दोन्ही एकाच दिवशी जाण्याचा धोका होता.

हार्ड डिस्क आजारी पडली की बहुधा कुरकुरते, खटखटते, आपल्याला चाहूल देते. एसएसडी अनेकदा काही न बोलता जाते. रात्री ठीक होती, सकाळी लॅपटॉप तिला ओळखतच नाही. तिच्यातली माहिती परत काढणं महागडं आणि बेभरवशाचं. कंपनी हमीत नवी एसएसडी देईल, पण लग्नाचे फोटो देणार नाही.

माझी चूक

हे सगळं मी आज शहाणपणाने लिहिते आहे, पण त्या शहाणपणाची किंमत मोजून.

आमची आई जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणायची. २०१२ च्या दिवाळीत माझ्या भाच्याने तिला ओसरीवर बसवलं आणि तीन दुपारी तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. मधेच ती थांबायची, हसायची, ‘पुढचं आठवंना बाई’ म्हणायची आणि पुन्हा सुरू करायची. २०१६ साली ती गेली. त्या ओव्या माझ्या लॅपटॉपमध्ये होत्या. मधूनमधून मी ऐकायची.

२०२२ साली लॅपटॉप भरला. फोनवर एक जाहिरात दिसली, १६ टीबीची खिशात मावणारी एसएसडी, एका साध्या सुती साडीच्या किमतीत. ‘हे म्हणाले, ‘एवढं स्वस्त कसं गं?’ मी म्हटलं, ‘सवलत असेल.’ घरी आली. दिसायला देखणी, धातूची, हाताला जड. लॅपटॉपला जोडली तर १६ टीबी दाखवत होती. मी सगळं तिच्यावर उतरवलं. कुठेही अडचण आली नाही. मग जागा व्हावी म्हणून लॅपटॉपमधून पुसून टाकलं.

महिन्याभराने आईच्या वर्षश्राद्धाला बहिणी जमल्या. ओव्या लावायला म्हणून ती डबी जोडली. फायलींची नावं सगळी जागच्या जागी, पण एकही उघडेना. कॉलनीतल्या एका मुलाने ती डबी खोलली. आत ६४ जीबीचं एक मेमरी कार्ड होतं आणि जडपणासाठी लोखंडाची पट्टी चिकटवलेली. आपण १६ टीबी आहोत, असं खोटं सांगायला त्या यंत्राला शिकवलं होतं. खरी जागा भरल्यावर ते नव्या फायलींची नावं तेवढी लिहून घेत होतं, आतला मजकूर कुठेच ठेवत नव्हतं.

विकणाऱ्याचा पत्ता तोवर नाहीसा झाला होता. मी रडले ते पैशांसाठी नाही. भाच्याकडेही मूळ प्रत उरली नव्हती. धाकट्या वहिनीच्या फोनमध्ये एकच ओवी सापडली, कधीतरी मीच तिला पाठवलेली. एवढीशीच, पण तिच्या शेवटी आईचं ते हसू आहे. आज ती आम्हा पाच जणांच्या घरी आहे. मी सुचून केलं नव्हतं, पण वाटली होती म्हणूनच ती एक वाचली.

तेव्हा खूणगाठ बांधा. खिशात मावणाऱ्या खऱ्या एसएसडी आजही साधारण ८ टीबीपर्यंतच मिळतात आणि त्या स्वस्त नसतात. २०२५ च्या अखेरीपासून तर मेमरीच्या किमती जगभर चढल्या आहेत. अशा दिवसांत कुणी भलतंच स्वस्त देत असेल, तर आधी शंका घ्या. नवी एसएसडी आणली की तिच्यावर काही मोलाचं ठेवण्याआधी ती काठोकाठ भरून, परत वाचून तपासा. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. वेळ खातो, पण खोटं पकडतो.

इंदूरच्या ताईंना उत्तर

ताई, आता तुमच्या तीन डब्यांकडे वळते. तुमच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा बसत असेल, तर ओळखीच्या कंपनीची, पाच किंवा किमान तीन वर्षं हमीची, ५०० जीबी किंवा १ टीबीची साधी साटा घ्या. एनव्हीएमईची खाच असेल, तर मधल्या किमतीची एनव्हीएमई. सर्वांत महागडी डबी दुकानदाराला परत द्या.

पण बसवण्याआधी, आजच, लग्नाचे फोटो दुसऱ्या एका ठिकाणी उतरवा. उतरवल्यावर चार-सहा फोटो तिथून उघडून पाहा. नावं दिसली म्हणजे फोटो आहेत असं नाही, हे मी तुम्हाला पदरमोड करून सांगते आहे. मग दुरुस्ती करणाऱ्याला सांगा, जुन्या डिस्कवरून नवीवर हुबेहूब नक्कल करून दे आणि जुनी पुसू नकोस. त्या जुन्या हार्ड डिस्कला यूएसबीचं एक साधं कव्हर मिळतं. डिस्क धडधाकट आहे का, हे क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रामने पाहता येतं. ठीक असेल तर त्या कव्हरात घाला. चहा निवेपर्यंत वाट पाहायला लावणारी ती डिस्क फोटोंची दुसरी प्रत सांभाळायला अजून उपयोगी आहे. तिसरी प्रत मुलीच्या सासरी पाठवा. घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी एक प्रत घराबाहेर असावी.

तुमच्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल, तर तिला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. २०१७ च्या बहुतेक लॅपटॉपना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. एसएसडीने वेग येईल, सुरक्षितता येणार नाही. तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करण्याआधी मुलाशी बोलून घ्या.

एसएसडी फोटो भरून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवायची वस्तूही नव्हे. वीज न मिळता पडून राहिली तर ती हळूहळू विसरू लागते आणि उकाड्यात लवकर विसरते. दर काही महिन्यांनी जोडा, फोटो उघडून पाहा. दिवाळीला पितळेची भांडी घासतो, गुढीपाडव्याला घर झाडतो, तसा त्याही दिवशी फोटोंना एक तास द्या.

वेग दुकानात पैसे देऊन मिळतो आणि आता तो फार महागही राहिलेला नाही. भरवसा मात्र आपल्यालाच घरात जपावा लागतो, दोन-तीन ठिकाणी वाटून. फोटो बघून झाले की मुलीलाही एक फोन करा. तिच्याकडे किती प्रती आहेत, तेही विचारून ठेवा.